वस्तादांचे एकसष्ट चमचे

माझी थोरली मुलगी बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण आहे. रोज साडेचारशे ड्रायव्हर, कंडक्टर आणि मेकॅनिक तिच्या हातचं जेवतात आणि ती स्वतः एका वेळी वाटीभर जेवते. हे ऐकून लोकांना गंमत वाटते. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, "शिंप्याच्या अंगात फाटका सदरा म्हणतात ते हेच." त्यावर ती म्हणाली, "फाटका नाही काकू, मापाचा आहे."

घरात आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, मीसुद्धा. धाकट्याने बोबडं बोलायच्या वयात सुरू केलं आणि ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं. डेपोत तिला वस्ताद म्हणतात. त्याच्या आधी तिला पाठीमागे टाकी म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. "टाकी भरलेली असली की गाडी लांब जाते," असं म्हणून ती हसण्यावारी न्यायची. मला ते कधी जमलं नाही.

तेव्हा तिचं वजन एकशे एकतीस किलो होतं. कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात मोठ्या शेगड्यांच्या दोन रांगा आहेत आणि त्यांच्या मधून अडीच फुटांची वाट. बाकीचे त्या वाटेने जायचे, ताई पूर्ण वळसा घालून जायची. दिवसातून पन्नास वेळा. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा. साखर वाढली, रक्तदाब वाढला, गुडघे कुरकुरायला लागले. डाएट म्हणाल तर तिने इतके केले होते की दुसऱ्यांना शिकवू शकली असती. दर वेळी बारा किलो जायचे आणि पंधरा यायचे.

चौतिसाव्या वर्षी तिने वजनासाठीचं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. यात पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवतात. मी हातापाया पडून विरोध केला होता. दुखत नसलेलं पोट कापून घ्यायचं हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं. सर्जनने तिला समोर बसवून सांगितलं, "माझं काम दीड तासाचं, तुमचं उरलेल्या आयुष्याचं. जमणार असेल तरच सही करा." ताईने सही केली आणि पेन परत देताना विचारलं, "आणि या कामात रजा किती मिळते?"

"एकही नाही," सर्जन म्हणाले.

पहिलं दीड वर्ष जादूसारखं गेलं. केस मूठमूठ गळले आणि परत आले. कपडे आत घेऊन घेऊन शिवणाऱ्या बाईचे हात दुखले. काटा चौऱ्याहत्तरवर येऊन थांबला. ताई पहिल्यांदा शेगड्यांच्या मधल्या वाटेने सरळ चालत गेली त्या दिवशी भांडी घासणाऱ्या मावशींनी हातातलं पातेलं झाऱ्याने बडवून सगळ्या कॅन्टीनला जाहीर केलं.

पण मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल. वजन उतरतं तेव्हा बघायला सगळे येतात. ते तिथेच टिकवायचं काम एकटीचं असतं, आणि त्यात बघण्यासारखं काही नसतं.

ताईचे नियम साधे आहेत आणि ती ते घड्याळासारखे पाळते. आधी अंडं, पनीर किंवा कडधान्य, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. घास इतका चावायचा की समोरच्याचं ताट रिकामं होतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज, जन्मभर. पोट भरलं की तिला एक शिंक येते. डॉक्टर म्हणतात काहींना असं होतं. शिंक आली की ती चमचा खाली ठेवते, मग ताटात चार दाणे असोत की अर्धी वाटी. धाकटा म्हणतो, "आमच्याकडे जेवण संपल्याची घंटा नाकातून वाजते."

असं तिने दोन वर्षं पंच्याहत्तर-शहात्तरवर ठेवलं. मीसुद्धा हळूहळू निवांत झाले. काळजी करायची सवय असलेल्या माणसाने निवांत होऊ नये, पुढच्या काळजीची तयारी राहत नाही.

मग वजन परत यायला लागलं. आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात, हे मुंगीच्या पावलांनी आलं. एका महिन्यात सहाशे ग्रॅम, पुढच्या महिन्यात सातशे. कधी पाणी धरलंय, कधी काटा बिघडलाय, कधी धाकट्याच्या लग्नात चार घास जास्त झाले. मध्ये पाय मुरगळला आणि तिचं चालणं तीन आठवडे बंद पडलं, त्याच्यावरही आम्ही दोन किलो लादले. चौदा महिन्यांत काटा पंच्याऐंशी पूर्णांक दोनवर गेला.

ताईने रडारड केली नाही. तिने वही काढली आणि दोन आठवडे तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहिला. ती वही घेऊन ती क्लिनिकमधल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली. मीही बरोबर होते. बाईंनी शांतपणे पानं उलटली आणि म्हणाल्या, "हे अकराशे कॅलरींच्या आत आहे. यावर वजन वाढायला नको. एक तर वहीत काही येत नाहीये, नाही तर दुसरं काही कारण आहे. थायरॉइड तपासू."

"मी खोटं लिहिलेलं नाही," ताई म्हणाली.

"खोटं म्हटलं नाही मी. सुटलेलं म्हटलं."

थायरॉइड ठीक निघालं. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर मी तिची कामाची पिशवी उघडून पाहिली. काय शोधत होते ते मला माहीत होतं. बिस्किटाचा पुडा, चॉकलेटचा कागद. ती केस पुसत दारात उभी राहिली होती, ते मला कळलंच नाही.

"काही सापडलं का, आई?"

"नाही."

"मलाही नाही सापडत," ती म्हणाली आणि पिशवीची चेन लावून टाकली.

त्याच आठवड्यात डेपो मॅनेजरनी तिला विचारलं. स्टोअरकीपर निवृत्त होत होते. टायर, तेल, सुटे भाग, सगळ्याची नोंद ठेवायचं काम. टेबल-खुर्ची, पंखा, ठरलेली वेळ. ताईचा हिशेबीपणा त्यांना ठाऊक होता. सहा आठवड्यांत नाव कळवायचं होतं. मला तर देव पावल्यासारखं झालं.

"घे ते," मी म्हटलं. "दिवसभर अन्नाच्या वासात उभं राहायचं आणि वर वजन सांभाळायचं, हे पाण्यात राहून कोरडं राहण्यासारखं आहे."

"पाच वर्षं राहिलेच ना कोरडी?"

"आता भिजायला लागलीस."

धाकटा म्हणाला, "आई, तिला टायर मोजायला बसवलंस तर ती टायरसुद्धा चाखून बघेल."

ताई हसली नाही. ती म्हणाली, "मला स्वयंपाक येतो, आई. मला दुसरं काही इतकं चांगलं येत नाही. मी जाड होते तेव्हा तिथे होते, बारीक झाले तेव्हाही तिथेच होते. सहा आठवडे दे. तोवर मला कारण सापडलं नाही आणि काटा खाली आला नाही, तर मी स्वतः मॅनेजरांना हो म्हणून सांगते. पण तोवर हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं. पाळलं किती ते विचारू नका.

दहाएक दिवसांनी ती गोळ्यांची पेटी घरीच विसरली. डेपो दोन स्टॉपवर आहे, मी नेऊन द्यायला गेले. अकराचा सुमार होता. मोठ्या सहा पातेल्यांत एकदम शिजत होतं: दोन प्रकारची सुपं, टोमॅटोचा रस्सा, मटणाचा रस्सा, कडधान्यांची पातळ आमटी आणि एकात कस्टर्ड. घामाघूम माणसं, वाफ, आणि मध्ये ताई. मी तिला कामावर असं नीट कधी पाहिलंच नव्हतं. मोठ्या आवाजात बोलत नव्हती. नुसती या पातेल्याकडून त्या पातेल्याकडे जायची, झाकण उचलायची, बरणीतला एक स्वच्छ चमचा घ्यायची, चाखायची, "मीठ अर्धी मूठ" किंवा "अजून पाच मिनिटं" म्हणायची आणि चमचा ट्रेमध्ये टाकून पुढे जायची. तोंडाला लागलेला चमचा पुन्हा पातेल्यात बुडवायचा नाही, हा तिथला कडक नियम.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, मोरीजवळ. मावशी भांडी घासत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्हीच का वस्तादांच्या आई? मग जरा तुम्हीच सांगा त्यांना. त्यांचे एकटीचे चमचे धुवायला वेगळा माणूस ठेवा म्हणावं."

"किती असतात?"

"मोजायला बसले तर धुणार कधी? पण हा ट्रे बघा. सकाळपासून दुसऱ्यांदा भरलाय. आधीचे वस्ताद एका पातेल्याला तीन चमचे खराब करायचे, फार तर चार. या बाईसाहेब झाकण उघडलं की चमचा, झाकण ठेवलं की चमचा."

मावशी हे काही हळू आवाजात बोलत नव्हत्या. ताई शेजारच्या शेगडीवर होती. तिच्या हातात चमचा होता, तोंडापर्यंत आलेला. तो तिथेच थांबला.

"मावशी, आधीचे वस्ताद जाऊन किती महिने झाले?" तिने विचारलं.

"झाले की चौदा."

ताईने चमचा ट्रेमध्ये ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, गोळ्या तिथे ठेव आणि घरी जा. मला काम आहे."

हे असं होतं आणि इतकी वर्षं स्वयंपाकघरात काढलेल्या माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आधीची दोन वर्षं ती दुय्यम होती. चिरणं, परतणं, शिजवणं तिचं, पण चव बघायचा मान वस्तादांचा. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी ती आली, आणि चमच्यांची बरणी तिच्या हाती आली. वहीत तिने सकाळची अंडी लिहिली, दुपारची वाटी लिहिली, संध्याकाळचं पनीर लिहिलं. चाखलेलं लिहिलं नाही. स्वयंपाक करणारं कोणीच चाखण्याला खाणं म्हणत नाही. मीही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने एक लिटरचा प्लॅस्टिकचा जग धुऊन शेगडीजवळ ठेवला. दर वेळी एक चमचा चाखला की त्याच पातेल्यातून तेवढाच एक चमचा जगात. मावशींना सांगितलं की आज चमचे मोजून धुवायचे. संध्याकाळी ती तो जग झाकण लावून घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. सुपं, रस्सा, आमटी, कस्टर्ड, सगळं एकत्र होऊन चिखलाच्या रंगाचं काहीतरी झालं होतं. वरून दोन बोटंच रिकामा.

"एकसष्ट चमचे," ती म्हणाली.

धाकट्याने झाकण उघडून वास घेतला आणि घाईने बंद केलं. "थेंबे थेंबे तळे साचे हे मला शाळेत पाच मार्कांना आलं होतं, पण तळं असं दिसत असेल असं वाटलं नव्हतं."

"हे मी रोज पीत होते," ताई म्हणाली. "पातळ आहे, म्हणून पोटात थांबत नाही. पोट भरत नाही, म्हणून शिंक येत नाही."

तिचा चेहरा उतरला असेल असं मला वाटलं होतं. उलट तो किती महिन्यांनी मोकळा दिसत होता. कारण न सापडण्यासारखा दुसरा छळ नाही, आणि आता ते समोर टेबलावर होतं, झाकणासकट.

आहारतज्ज्ञ बाईंनी जगाचा फोटो पाहून हिशेब केला. सातशे कॅलरींच्या आसपास, कामाच्या दिवशी. "आता एवढंच करा, कमी चाखा," त्या म्हणाल्या.

सांगायला सोपं. मुद्दा हा की तिला एकसष्ट चमचे लागत का होते. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं, माझ्याकडे न बघता. "वस्ताद तीनदा चाखायचे, कारण त्यांना खात्री होती. मला वाटायचं, टाकीला वस्ताद केलंय, एक दिवस जरी बिघडलं तरी लोक म्हणतील हिला नुसतं खाता येतं. म्हणून दहा-दहा वेळा बघायचे. दहाव्या चमच्याला तेच कळायचं जे दुसऱ्याला कळलेलं असायचं."

तिने ठरवलं: एका पातेल्याला दोन चमचे. एक मीठ पडल्यावर, एक वाढायला जाण्याआधी. मोठा चमचा बंद, औषधाचा छोटा चमचा. कस्टर्ड तिने चाखायचंच नाही, ते दुय्यम स्वयंपाकी बघतील. आणि ते दहा लहान चमचे वहीत लिहायचे, दुपारच्या वाटीतून वजा करून.

चौथ्या दिवशी टोमॅटोचा रस्सा खारट झाला. दुय्यम माणसाने मीठ टाकलं होतं आणि तिनेही टाकलं. साडेचारशे माणसांचं पातेलं. एक म्हातारा ड्रायव्हर ताट घेऊन खिडकीशी आला. "वस्ताद, आज बस समुद्रावरून नेली होती का?"

"हो," ताई म्हणाली. "तुम्ही झोपला होतात. उद्या रस्त्याने नेते."

हसून साजरं केलं, पण घरी आली ती थकून. मला वाटलं आता ही परत एका पातेल्याला दहा चमच्यांवर जाणार, किंवा स्टोअरला. मी तोंड उघडलंच होतं. ती म्हणाली, "आई, सहा आठवडे झालेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने कॅन्टीनचा जुना तराजू घासूनपुसून शेगडीजवळ आणला. इतकी वर्षं तिथे मीठ मुठीने पडायचं, आणि मूठ ज्याची त्याची. तिने प्रत्येक पातेल्याचं माप काढलं, किती लिटरला किती ग्रॅम, आणि पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगलं. मीठ कोणी घालायचं तेही एकेकाच्या नावावर लावून दिलं. दुय्यम स्वयंपाकी कुरकुरले, "वस्ताद, ही काय औषधांची फार्मसी आहे?"

"माझ्यासाठी आहे," ताई म्हणाली. "तुमच्यासाठी नसेल तर तुम्ही चाखा. माझे दहा झाले."

त्यांनी चाखलं. बरोबर होतं. त्यानंतर खारट झालं नाही, आणि अळणी एकदाच. मावशींना ट्रे रिकामा दिसायला लागला तसं त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. "आजारी नाही ना?" असं त्यांनी मला फोन करून विचारलं.

काट्याबद्दल मी ताईला विचारायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी धाकट्याला विचारायचे आणि तो तिला विचारायचा. ती त्याला सांगायची, "आईला सांग, तीनशे ग्रॅम." पुढच्या आठवड्यात, "आईला सांग, सातशे." एका आठवड्यात काटा जागचा हलला नाही. तेव्हा तिने नुसतं चालणं वाढवलं, बस सोडून डेपोपर्यंत पायी जाऊन.

सहा आठवडे संपले त्या सकाळी ती माझ्यासमोर काट्यावर उभी राहिली. तिनेच बोलावलं. ब्याऐंशी पूर्णांक सहा.

मनात मी हिशेब केला. शहात्तरपासून अजून साडेसहा किलो दूर. तिने माझ्या चेहऱ्यावरून तो वाचला.

"शहात्तरला परत जाईन की नाही माहीत नाही," ती म्हणाली. "बाई म्हणतात थोडं वाढून राहणं सगळ्यांचंच होतं. पण खाली जायची वाट आता मला दिसते. स्टोअरमध्ये बसले असते तर ती कधी दिसलीच नसती. तिथे गेल्यावर वजन कमी झालं असतं, आणि मला वाटत राहिलं असतं की स्वयंपाकघर माझ्या मुळावर उठलं होतं."

ती कामावर गेली. दुपारी फोन आला. मागे वाफेचा आणि भांड्यांचा आवाज.

"आई, मॅनेजरांना सांगून आले. स्टोअरला दुसरं माणूस बघा म्हटलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं, मला तुमच्या जागी माणूस मिळत नव्हता."

माझ्या तोंडून निघून गेलंच, "आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच कशाने वाढलं तर?"

"मग तेही शोधीन," ती म्हणाली. "ठेवते आता. जेवायची वेळ झाली माझी, पनीर निवतंय."